विश्वामित्रीचा हिशेब उपग्रहाकडे मागावा का?

कोतरकाठ:
ऑगस्ट 2024 च्या पुरात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. ओसरल्यावर जो तो एकच म्हणत होता, विश्वामित्री नदीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, बुजवल्या म्हणून हे झालं. कधी बुजवली, किती बुजवली, ते विचारलं की सगळे गप्प. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची जोडी 2017 पासून दर पाच दिवसांनी बडोद्याचं चित्र घेते आणि ती चित्रं फुकट मिळतात. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची तर 1972 पासूनची आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलेल्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांत एक मोजमाप असंही आहे, की शहर लोकसंख्येपेक्षा जास्त वेगाने जमीन व्यापतंय का. ते अशाच चित्रांवरून काढतात. मग दर पावसाळ्याआधी तलाव, कोतरं आणि कांसांचा (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचा) नकाशा वॉर्डवार लोकांपुढे का ठेवू नये?

मांजलपूरची ताई:
मला हे पटत नाही. सेंटिनेल-2 चा 10 मीटरचा तपशील म्हणजे चित्रातला एक ठिपका 100 चौरस मीटरचा. आमच्या मागचा कांस दोन मीटरही रुंद नाही, तो त्यात कुठे शोधणार? कोतरही एका दिवसात बुजत नाही. रात्री ट्रॅक्टर राडारोडा ओतून जातो, आठवड्याने वर मुरूम पडतो, पहिल्या पावसात गवत उगवतं. वरून बघणाऱ्याला सगळं हिरवं. जलपर्णीचंही तेच. पुलावर उभं राहून बघा: पाणी दिसतच नाही, नुसती जाड पानं, मधे अडकलेल्या बाटल्या आणि नाक धरायला लावणारा वास. उपग्रहाच्या हिशेबात ती घाण हिरवाई म्हणून जमा होणार.

जुना ड्राफ्ट्समन:
पूर येतो तेव्हा आभाळ ढगांनी भरलेलं असतं, हेही लक्षात घ्या.

कोतरकाठ:
काका, रडारला ढग आडवे येत नाहीत. सेंटिनेल-1 रडारवरच चालतो.

जुना ड्राफ्ट्समन:
शेतात ठीक आहे. संथ पाण्यावरून रडारच्या लहरी पलीकडे निघून जातात, म्हणून पाणी काळं दिसतं. गल्लीत त्या पाण्यावरून भिंतीवर आपटून उलट फिरतात आणि बुडालेला भाग उजळ दिसू शकतो. म्हणजे माणसं जिथे अडकलेली असतात, नेमकं तिथेच चित्र फसवतं.

कोतरकाठ:
हे मान्य. पुराच्या दिवशी होडी कुठे न्यायची ते या नकाशावरून ठरवू नये. कांसासाठीही चालतच जावं लागेल. पण ताई, जलपर्णीचं पटत नाही. एका चित्रात ती फसवेल, दहा वर्षांच्या चित्रांत नाही. काठावरचं गवत एप्रिल-मेमध्ये वाळतं, सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी तेव्हाही हिरवीगार असते. जिथे आधी उघडं पाणी होतं तिथे भर उन्हाळ्यात हिरवं दिसलं, तर तो आपल्या हातातला पुरावाच.

मांजलपूरची ताई:
मे महिन्याची चित्रं लावून बघा, मीही बघते. पण त्या नकाशावर बोट ठेवून उद्या कोणी काठ साफ करायला जेसीबी उतरवला तर? मगर त्याच काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. तो खड्डा कुठे आहे ते काठावर राहणाऱ्यांना ठाऊक असतं. त्यांना विचारून अशा खड्ड्यांच्या जागा आधी नकाशावर घ्या.