बिझनेस क्लासने मुंबई–दोहा–शिकागो, सोबत १३ महिन्यांचं बाळ आणि साडेतीन वर्षांची मुलगी: सीट कशा घ्याव्यात?

मेहरूणकर
राम राम मंडळी. जुलैत जळगावहून शिकागोला जायचं आहे, दोह्यात विमान बदलून. मी, बायको, साडेतीन वर्षांची मुलगी आणि १३ महिन्यांचा मुलगा (वजन दहा किलोच्या घरात). दीड महिन्याने परत. बिझनेसची तीन तिकिटं आणि बाळ मांडीवर, असा विचार आहे. बाळाला पाळणा मिळेल का? चौघं जवळ बसू अशा सीट कोणत्या? मुलीसाठी तो केअर्सचा पट्टा (लहान मुलाला विमानाच्या सीटला खांद्यापासून बांधून ठेवणारा) विकत घ्यावा का? आणि खाण्याचं काय करायचं? तिकीट अजून काढलेलं नाही, त्यामुळे "या भानगडीत पडूच नका" असं मत असेल तरी सांगा.

तापीकाठ
भाऊ, क्लासच्या आधी विमान कोणतं ते बघा. नव्या विमानांत बिझनेसची मांडणी १-२-१ असते आणि प्रत्येक सीटला कडेने खांद्याएवढी भिंत. एकट्या माणसाला ती सोय, लेकरांसोबत तीच अडचण. मुलीला खिडकीशी एकटी बसवली तर तिची बाटली उघडून द्यायलाही दर वेळी पट्टा सोडून उठावं लागतं. म्हणून ती आणि एक मोठं माणूस मधल्या जोडीत, आणि बाळ घेतलेलं माणूस त्याच रांगेत बोळापलीकडे. मधली जोडीही नीट बघून घ्या: काही विमानांत एका रांगेत दोन्ही सीट एकमेकींना लागून असतात, तर पुढच्याच रांगेत दोघींच्या मधे टेबलं येतात. सीटच्या नकाशात हे स्पष्ट दिसतं.

कतार एअरवेजच्या क्यूस्वीट नावाच्या बिझनेस सीटांमध्ये मधल्या चार सीटच्या भिंती सरकवून एक खोली होते. त्यातल्या दोन सीट उलट्या तोंडाच्या असतात, हे लक्षात ठेवा. ही सोय त्यांच्या सगळ्या विमानांत नाही. बोईंग ७८७-८ वर ती मिळत नाही, आणि विमान ऐनवेळी बदललं तर सीट नंबर आपोआप बदलतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात आणि आदल्या दिवशी नकाशा पुन्हा उघडून बघा.

पाळण्याचा नाद सोडा. तो फक्त पुढच्या भिंतीपाशी लागतो, बिझनेसमध्ये अशा जागा मोजक्याच, आणि बऱ्याच कंपन्यांची मर्यादा ११ किलो व ७५ सेंमीच्या आसपास असते. तुमचं बाळ वजनात बसेल, पण पाय बाहेर येतील. शिवाय १३ महिन्यांचं पोर जागं झालं की उभं राहतं. पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेल्या बाळालाही उचलून मांडीवर घ्यावं लागतं, ते वेगळंच.

खरा उपयोग सपाट बेडचा. बाळ भिंतीच्या बाजूला, मोठं माणूस बोळाच्या बाजूला. बाळाचा छोटा पट्टा मोठ्याच्या पट्ट्यात ओवायचा आणि दोन्ही पट्टे पांघरुणाच्या वर दिसले पाहिजेत, नाहीतर हवाई सुंदरी तपासायला येऊन झोप मोडते. बेड आणि भिंतीच्या मधे चार बोटांची फट असते, तिथे जादा ब्लँकेटची घडी घट्ट दाबून बसवा. बेड पुन्हा सीट करताना बटण दाबण्याआधी बाळाला उचला. मोटर चालू असताना बोट अडकण्याची जागा हीच. आणि शेजारचं माणूस जागं असेल तेव्हाच बाळाला असं झोपवायचं.

केअर्स घेऊ नका. तो पट्टा सीटच्या पाठीला वळसा घालून बांधतात, आणि बिझनेसच्या सीटची पाठ कवचात बसवलेली असते, वळसा घालायला जागाच नाही. इकॉनॉमीत चालतो, तेही १० ते २० किलो आणि साधारण १०० सेंमी उंचीपर्यंत. मुलीला साधा कमरेचा पट्टा पुरे.

एक गोष्ट फोन करून विचारा: त्या सीटच्या पट्ट्यात एअरबॅग आहे का? असेल तर मांडीवर बाळ घेऊन तिथे बसायला वेगळी जोडपट्टी लागते, किंवा सीटच बदलून देतात. हे विमानात शिरल्यावर कळलं तर सगळी बैठक विस्कटते.

अमळनेरी
तापीकाठ यांनी बैठक सांगितली, मी घड्याळ सांगतो. दोह्याहून शिकागोचं विमान सहसा सकाळी आठच्या सुमारास निघतं. तेव्हा आपल्याकडे साडेदहा वाजलेले असतात. प्रवास चौदा-साडेचौदा तासांचा, म्हणजे उतरताना मुलांच्या अंगातल्या घड्याळात मध्यरात्र उलटलेली. पहिले आठ-नऊ तास बेड नुसता खेळायला लागेल, झोप लागेल ती शेवटच्या चार तासांत. खेळणी, चित्रांची पुस्तकं सुरुवातीलाच संपवू नका, दीड-दोन तासांनी एकेक काढा.

पोरं गाढ झोपेत असतानाच विमान खाली यायला लागतं, नेमके तेव्हाच कान दुखतात. चढताना कानातली हवा आपोआप बाहेर पडते, उतरताना आत शिरायला गिळावं लागतं, आणि झोपेत मूल फार कमी गिळतं. उतरण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी बाळाला उठवून अंगावर पाजा किंवा बाटली द्या, मुलीला स्ट्रॉने घोट घोट पाणी. सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. झोपेसाठी म्हणून सर्दीचं औषध देऊ नका, काही मुलं त्याने उलट जास्त चेकाळतात.

शिकागोत इमिग्रेशनच्या रांगेत झोपलेलं बाळ हातावर धरून उभं राहणं अवघड जातं. छातीला बांधायची झोळी हातातल्या बॅगेत ठेवा. बाबागाडी विमानाच्या दारात दिली तरी ती दारातच परत मिळेल याचा भरवसा नसतो.

बिबडेवाली
खाण्याचं मी सांगते. "चाइल्ड मील" मागितलं की बरेचदा चिकन येतं. शाकाहारी असाल तर मुलीसाठीही भारतीय शाकाहारी किंवा जैन जेवण निदान २४ तास आधी नोंदवा. दोन्ही विमानांना वेगवेगळं नोंदलं गेलंय ना, तेही बघा.

बाळासाठी घरचं नाचणी सत्त्व किंवा भाजलेल्या तांदूळ-मुगाची भरड न्या. एका वेळेची एक पुडी, तीन चमचे. अशा सहा-सात पुड्या. विमानात मिळणारं गरम पाणी चहाचं असतं, चांगलंच कढत. ते थर्मासच्या झाकणात घेऊन आधी कोमट होऊ द्या, सीटच्या हातावर ठेवू नका. बाळाचं दूध-पाणी तपासणीत हातातल्या बॅगेतल्या द्रवांच्या १०० मिलीच्या नियमातून सुटतं, फक्त ट्रेमध्ये वेगळं काढून दाखवायचं. मुलीला बिबडे (ज्वारीचे पापड) न्या, खराब होत नाहीत आणि बराच वेळ चघळता येतात.

केळी मात्र विमानातच संपवा. अमेरिकेत ताजं फळ उतरवायचं नाही. पिशवीत एक राहिलं आणि सांगितलं नाही तर दंड होतो. डायपर: जागं असताना दर दोन तासांना एक, वर सहा जादा. बाळाचे दोन कपडे आणि मोठ्यांचा एकेक शर्ट हातातल्या बॅगेत. ओकारी बाळाची असली तरी भिजतो ज्याच्या मांडीवर असेल तो.

मेहरूणकर
फार उपयोगी. मांडीवरच्या बाळाला किती पैसे लागतात? आणि मुंबईपर्यंत रेल्वे की गाडी?

अमळनेरी
साधारण मोठ्याच्या भाड्याच्या दहा टक्के, पण त्याच क्लासच्या. समजा बिझनेसचं जाऊन-येऊन तिकीट साडेतीन लाखांचं असेल तर बाळाचे पस्तीस हजार धरा. पॉइंटांवर तिकीट काढलं तरी बऱ्याच कंपन्या बाळाचे हे दहा टक्के रोख भाड्यावरच लावतात, त्यामुळे आधी विचारून घ्या. दोन वर्षं पूर्ण झाली की त्या तारखेपासून पूर्ण सीट लागते, तुम्हाला तो प्रश्न नाही. माझं मत विचाराल तर मुंबई–दोहा हा साडेतीन-चार तासांचा टप्पा इकॉनॉमीत काढा आणि पुढच्याला बिझनेस घ्या, वेगळं भाडं लागतं का ते बघून.

मुंबईला रेल्वेनेच जा, ठाण्याला उतरा, तिथून गाडी. पण जुलैत इगतपुरी–कसाऱ्याच्या घाटात पावसाने गाड्या अडकतात, आणि रस्त्याने गेलात तरी घाट तोच. पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशी सकाळचीच गाडी पकडा भो, दुपारची नको.

तापीकाठ
राहिलं एक. कारसीट चेक-इनमध्ये टाका, बऱ्याच कंपन्या तिचे वेगळे पैसे घेत नाहीत. इलिनॉयमध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना गाडीत ती लागतेच, आणि दोन वर्षांखालच्या बाळाची उलट्या तोंडाची. न्यायला येणाऱ्यांकडे दोन्ही आहेत का, ते आत्ताच विचारून ठेवा.