ड्यूज (वर्गणी) थकलेल्या सभासदाचं नाव श्रद्धांजलीत घ्यायचं की नाही?

आर्वीकडचा सचिव

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सेवा क्लबचा मी यंदाचा सचिव. क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधी, जूनच्या शेवटच्या सभेत, गेलेल्या सभासदांची नावं वाचायची असा आमचा जुना रिवाज आहे. लाइट बंद करतात. एकेका नावाला एक पणती लागते. घरचं कोणी आलं असेल तर पणती तेच लावतात, नाहीतर नाव वाचणारा लावतो. मी सभासद झालो तेव्हा सहा पणत्या होत्या, यंदा एकवीस होतील.

की बावीस, हाच प्रश्न आहे.

आमच्या क्लबातले एक भाऊ दिवाळीनंतर वारले. कास्तकार माणूस, सात एकर कोरडवाहू. मोतीबिंदूच्या शिबिराचं सगळं काम वर्षानुवर्षं त्यांनीच केलं. खेड्याखेड्यांत जाऊन नावं लिहून आणायची, शिबिराच्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर जोडून बुढ्या माणसांना गोळा करायचं, ऑपरेशननंतर घरोघरी जाऊन डोळ्यात थेंब कसे टाकायचे ते सुनांना दाखवायचं. मग लागोपाठ दोन वर्षं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गेली आणि ड्यूज थकले. आम्ही नोटीस पाठवली, नाव कमी केलं. त्या पत्रावर सही करणाऱ्यांत मीही होतो. शिबिराचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही.

आता काही सभासद म्हणतात, रजिस्टरात नाव नाही तर पणती कशी लावणार? उद्या कोणीही मागेल. मला हे पटत नाही, पण सभेत नीट मांडता येत नाही. तुमच्याकडे काय करतात? आणखी एक, जूनअखेर पेरणीची धांदल असते, निम्मे सभासद वावरात असतात. दुसरा दिवस कोणी धरला आहे का?

यवतमाळचा जुना लायन

सचिवसाहेब, मी लायन्स क्लबमध्ये तीस वर्षं आहे. आमच्याकडेही हा वाद झाला होता. तेव्हा आमच्या एका ज्येष्ठांनी एवढंच विचारलं, आपण डोळ्यांचं काम का करतो? १९२५ साली अमेरिकेत सीडर पॉइंटच्या अधिवेशनात अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी लायन्सना हे काम हाती घ्या म्हणून साकडं घातलं. त्या काही आमच्या वर्गणीदार म्हणून बोलायला उभ्या राहिल्या नव्हत्या. तरी आज शंभर वर्षांनी त्यांचं नाव आम्ही घेतोच ना! त्यानंतर आमच्या क्लबात ठराव झाला. ज्याने एकदा शपथ घेतली आणि गैरवर्तनासाठी ज्याला काढलं नाही, त्याचं नाव वाचायचं. ड्यूजचा हिशेब खजिनदाराने जिवंत माणसांशी करावा. तुम्ही ठराव लेखी करून घ्या, म्हणजे दरवर्षी वाद नको.

तिवसा तालुक्यातून

जय गुरुदेव. आमचं गुरुदेव सेवा मंडळ आहे, क्लब नाही, पण सांगतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला त्यांच्या आश्रमात, गुरुकुंज मोझरीत, ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन पाळतात. एवढा अफाट जनसमुदाय असतो, पण त्या वेळी लेकराचं रडणं तेवढं ऐकू येते. ज्याले जाता येत नाही तो जिथं असंल तिथं उभा राहते. मीही एका वर्षी सोयाबीनच्या गंजीपाशी उभा होतो. तिथं कोणी रजिस्टर पाहत नाही.

आमच्या गावात त्याच संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर मंडळातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतो. ज्याची खंजिरी होती त्याची खंजिरी पुढं ठेवतो. तुमच्या भाऊची काही वस्तू असंल तर पाहा.

दिवसाचं म्हणाल तर अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, धरा. वावरं रिकामी असतात, अन् आपल्याकडे घरोघरी पितरांची घागर त्याच दिवशी भरतात. माणसं मनानं आधीच तयार असतात.

दारव्ह्याची लेक

माझे बाबा अशाच एका संस्थेत होते, म्हणून घरच्यांच्या बाजूने लिहिते. भाऊंच्या घरच्यांना आयत्या वेळी स्टेजवर बोलावू नका. माझ्या आईला बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं आणि माइकवर बाबांचं आडनाव चुकीचं घेतलं. ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आधी घरी जा, चहा घ्या, नाव कसं घ्यायचं ते विचारा. भिंतीवरचा फोटो मागून नेलात तर त्याच रात्री परत आणून द्या, कारण ती रिकामी जागा घरात फार दिसते. आणि संध्याकाळी एसटी नसते, गाडी पाठवा. तुम्ही नोटिशीवर सही केली होती म्हणता ना, मग तुम्हीच जा, दुसऱ्याला पाठवू नका.

आर्वीकडचा सचिव

ताई, तुमचं वाचून काल संध्याकाळी गेलो. वहिनींना आधी नोटिशीचंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय भाऊ. त्यायनं ते पत्र घडी करून वहीत ठेवलं होतं." आणि वहीच आणून दिली.

दोनशे पानी वही, पुठ्ठ्याला तेलाचे डाग. ओळीने नावं, पुढे गाव, पुढे 'डा' किंवा 'उ', म्हणजे डावा डोळा की उजवा. माणूस ऑपरेशन होऊन घरी पोचला की लाल पेनाने खूण. काही नावांपुढे 'भिते' लिहिलेलं. अशा नावापुढे दोन-दोन, तीन-तीन तारखा आहेत, म्हणजे ते पुन्हा पुन्हा त्या घरी गेले होते. आमची नोटीस मधल्या पानात होती. तिच्यानंतरही नावं तशीच पुढे चालू आहेत.

ठराव मांडतो आहे. फोटोऐवजी पणतीजवळ वही ठेवू, वहिनींनी हो म्हटलं. नाव कसं घ्यायचं तेही विचारून घेतलं. अखजीचं पुढच्या वर्षासाठी सुचवतो, यंदा जूनच.

शेवटच्या पानावर एका आजीचं नाव आहे. 'उ, भिते', तीन तारखा, लाल खूण नाही. गाव आमच्यापासून सात किलोमीटर. रविवारी जाऊन येतो.