उचलता पूल: बोट मागेल तेव्हा उघडायचा, की घड्याळ सांगेल तेव्हा?

फाटकातला (धागाकर्ता)

आधीच कबूल करतो, पूल वर जातो तेव्हा मी नेहमी रस्त्यावर, बंद फाटकामागे असतो. पुढचं सगळं त्या हिशोबाने वाचा.

नदीवरच्या उचलत्या पुलांचा जुना नियम थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी सारखाच: बोटीने मागायचं, पुलाने उघडायचं. अमेरिकेत तटरक्षक दलाच्या नियमावलीत एखाद्या पुलासाठी वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर बोटीचा इशारा आला की पूल ताबडतोब आणि पूर्ण उघडावा लागतो. लंडनच्या टॉवर ब्रिजला २४ तास आधी कळवावं लागतं, पण पैसे पडत नाहीत आणि पाण्यावरच्याला रस्त्यावरच्यापेक्षा मान जास्त. १८९४ मध्ये तो पूल सुरू झाला तेव्हा हे बरोबरच होतं. पुलाच्या वरच्या अंगाला (प्रवाह येतो त्या बाजूला) धक्के होते, तिथे माल उतरायचा, शहर त्यावर जगायचं. आज तो पूल वर्षाला साधारण ८०० वेळा उचलतात, आणि मालाच्या जहाजांसाठी क्वचितच.

म्हणजे नियम केला मालासाठी आणि चालतोय हौसेसाठी. एका डोलकाठीला वाट द्यायला दोन्ही बाजूंना शेकडो माणसं इंजिन बंद करून बसलेली असतात.

माझं म्हणणं असं: कामाच्या दिवशी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास हौशी बोटींना पूल बंद. उरलेल्या वेळी दर अर्ध्या तासाला एकदा उघडा. मोठी मालवाहू जहाजं, संकटात सापडलेली बोट, बचावकार्याच्या बोटी यांना कधीही. यात मी नवीन काही शोधलेलं नाही. सिअॅटलच्या फ्रीमाँट पुलावर (तो कालव्यावर आहे, नदीवर नाही, माहीत आहे) कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ या वेळात १००० टनांखालच्या बोटींसाठी पूल उघडत नाहीत. तिथल्या बोटवाल्यांनी काही समुद्रात जीव दिलेला नाही.

डोलकाठी

जीव द्यायला समुद्रापर्यंत जावं लागत नाही, पुलापाशी पुरेसं पाणी असतं.

धागाकर्ते कधी बोटीवरून पुलापाशी थांबलेत का? गाडीत ब्रेक दाबला की थांबलात. बोटीला ब्रेक नसतो आणि खालचा रस्ताच चालत असतो. मी एकदा साधारण नऊ मीटरची शिडाची बोट घेऊन ओहोटीबरोबर खाली येत होतो. पूल उघडायला वीस मिनिटं आहेत असं रेडिओवर कळलं. मागून पाण्याची ओढ, म्हणून इंजिन रिव्हर्समध्ये टाकलं. रिव्हर्समध्ये सुकाणू नीट ऐकत नाही आणि पंख्याच्या फिरण्याने बोटीचा पार्श्वभाग एका बाजूला सरकत राहतो. त्यात डोलकाठीवर आडवा वारा. मग वळून प्रवाहाच्या तोंडावर उभं राहायचं, तर नदी अरुंद आणि माझ्यासारखेच आणखी चार जण तिथेच गरगरतायत. पुलाच्या खांबाभोवतीच्या लाकडी ठोकळ्यांवरचं हिरवं शेवाळ इतक्या जवळून पाहिलं की हाताचं बोट लावून पुसता आलं असतं. ती वीस मिनिटं मला अजून आठवतात. गाडीतली वीस मिनिटं तुम्ही फोनवर काढता.

आणि 'हौस' या शब्दात जो तुच्छतेचा वास आहे तो राहू द्या. त्या वेळी फाटकापाशी उभ्या गाड्यांतले सगळे हृदयाची शस्त्रक्रिया करायला निघालेले नसतात.

तत्त्वाचं बोलायचं तर नदी आधीची, रस्ता नंतरचा. ज्याने आडवा पूल घातला त्याने वाट मोकळी ठेवायचं वचन देऊनच घातला. १९९७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा ताफा टॉवर ब्रिजवर दोन तुकड्यांत अडकला, कारण एका जुन्या शिडाच्या बार्जची वेळ आधी ठरलेली होती. मला हा नियम आवडतो तो याचसाठी.

आडवा प्रश्न

'नदी आधीची' हे ऐकायला भारदस्त आहे, पण वचनं बदलतात आणि बदलली आहेत. हावड्याचा जुना तरंगता पूल घ्या, १८७४ चा. हुगळीवर होड्यांसारखे तराफे जोडून केलेला, मधला सुमारे २०० फुटांचा भाग बाजूला काढायचा की जहाज जायचं. १९०६ पर्यंत हे फक्त दिवसा चालायचं, म्हणजे ऐन वर्दळीत. त्या वर्षी जूनपासून बाकीच्या बोटींसाठी रात्री उघडायला सुरुवात झाली आणि दिवसाउजेडी फक्त समुद्रात जाणाऱ्या आगबोटी सोडायच्या असं ठरलं.

यातली वाटणी बघा. आज आपण म्हणतो मोठ्याला कधीही, छोट्याने थांबावं. तिथेही मोठ्याचीच सोय पाहिली गेली, पण कारण रुबाबाचं नव्हतं. अंधारात एवढं धूड एवढ्याशा फटीतून काढणं धोक्याचं, म्हणून त्याला दिवस दिला. छोट्यांना रात्र झेपते, म्हणून त्यांना रात्र दिली. कोण आधी आलं हे कुणी विचारलं नाही, कोणाला काय झेपतं हे पाहिलं. तोच प्रश्न इथे विचारावा.

नावेतला प्रवासी

+१ फाटकातला.

सेंट पीटर्सबर्गला नेव्हा नदीवरचे पूल रात्रीच उघडतात, तेही ठरलेल्या वेळापत्रकाने. नदी गोठलेली नसते त्या महिन्यांत मध्यरात्रीनंतर पूल वर, पहाटे खाली, तेवढ्यात जहाजांची रांग निघून जाते. बघायला काठावर गर्दी जमते. आम्स्टरडॅममधूनही उंच डोलकाठीच्या बोटींना रात्री ताफ्याने नेतात, एकामागून एक पूल उघडत. मग अडचण काय?

डोलकाठी

अडचण अशी की तुम्ही हे काठावरून पाहिलंत. पीटर्सबर्गमध्ये एक वाजता चुकीच्या काठावर राहिलेला माणूस बहुधा पहाटेपर्यंत घरी जात नाही, ते काठावरच्या गर्दीला रम्य वाटतं. आणि दिवसभर सुकाणूवर उभ्या असलेल्या दोन माणसांनी रात्री दोन वाजता अनोळखी शहरातून पुढच्याच्या मागच्या दिव्याकडे बघत बोट काढायची, हे मी केलंय. होतं. पण 'अडचण काय' असं विचारू नका.

अर्धवट कप्तान

अवांतर: १९५२ च्या डिसेंबरात टॉवर ब्रिजवर ७८ नंबरची डबलडेकर बस असताना तिच्या खालचा पंख (पुलाचा उचलला जाणारा भाग) वर जायला लागला. ड्रायव्हरने थांबण्याऐवजी गाडी दामटली आणि बस फटीवरून उडी मारून पलीकडच्या, अजून न उचललेल्या भागावर आदळली. प्रवासी वाचले. ड्रायव्हरला बक्षीस १० पौंड.

धागाकर्त्यांना हा तिसरा पर्याय सुचवून बसतो. (पळतो.)

केबिनवाला

बसची गोष्ट आमच्यात प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, आणि ती गमतीत सांगत नाहीत.

मी अशा एका पुलाच्या केबिनमध्ये बरीच वर्षं काढली. दोन्ही पक्ष एका गोष्टीकडे बघत नाहीत, ती म्हणजे वेळ नेमका जातो कुठे. लोकांना वाटतं पूल वर-खाली होण्यात. तसं नाही. मागच्या बाजूला तोलाचं वजन असतं, त्यामुळे आमचा पंख झटकन वर जायचा. पण त्याआधी घंटा, लाल दिवा, मग येणाऱ्या बाजूचं फाटक, मग पुलावर अडकलेल्या गाड्या बाहेर जाईपर्यंत थांबायचं, मग जाणाऱ्या बाजूचं फाटक. मग केबिनच्या दोन्ही खिडक्यांतून डोळ्यांनी बघायचं की पुलावर कोणी नाही. एक सायकलवाला असतोच. फाटकाखालून मान वाकवून आत आलेला, मध्यावर थांबून फोटो काढणारा. तो निघेपर्यंत मधला खटका सोडायचा नाही. आमच्या पुलावर एकही बोट जायच्या आधी आणि नंतर मिळून हे सगळं साधारण तीन मिनिटं खायचं. बोटीला लागायची दोन.

आता रांगेचा हिशोब. फाटक दुप्पट वेळ बंद ठेवलं की अडकणाऱ्या गाड्या दुप्पट होतात आणि प्रत्येकाचं सरासरी थांबणंही दुप्पट होतं. म्हणजे एकूण वाया गेलेला वेळ चौपट. वर्गाने वाढतो. तीन बोटी वेगवेगळ्या आल्या, प्रत्येकीला पाच मिनिटं, तर पाचाचा वर्ग पंचवीस, तीनदा, पंचाहत्तर. त्याच तिघी अर्ध्या तासाच्या ठोक्याला एकत्र सोडल्या आणि एकीला लागून एक निघाल्या तर सात मिनिटांत काम होतं, म्हणजे एकोणपन्नास. रस्त्याचा फायदा. पण त्या विखरून आल्या, तिसरी अजून वळणावरच आहे आणि मी तिच्यासाठी पूल धरून बसलोय, असं झालं की नऊ मिनिटं. एक्क्याऐंशी. म्हणजे वेळापत्रक लावून रस्त्याचं नुकसानच.

मी दोन्ही पाहिलंय. नऊवालं जास्त.

फाटकातला

हा वर्गाचा हिशोब मला माहीत नव्हता. कागदावर करून पाहिला, बरोबर आहे. मग सकाळ-संध्याकाळचे दोन तास पूर्ण बंद ठेवले तर नऊ वाजता काय होईल?

केबिनवाला

तेच होईल जे व्हायचं. दोन तासांत साठलेल्या सगळ्या बोटी नऊच्या ठोक्याला एकदम. शेवटच्या मिनिटाला घरातून निघालेले सगळे नऊ वाजताच फाटकावर. आम्ही त्या उघडण्याला 'जत्रा' म्हणायचो.

एक गोष्ट मात्र फाटकातला यांच्या बाजूने. मागेल तेव्हा उघडायचं म्हटलं की लोक नको तेव्हाही मागतात. पुलाखालून सहज जाईल अशी बोट, पण वर मासे पकडायच्या उंच दांड्या आणि अँटेना ताठ उभ्या. दांडी आडवी केली तर काम होतं, तरी भोंगा देणार. अमेरिकेच्या नियमात हे सरळ निषिद्ध आहे: खाली करता येण्यासारखी अनावश्यक वस्तू वर ठेवून पूल उघडायला लावायचा नाही. नियम आहे म्हणून सगळे पाळतात असं नव्हे. हे नुसतं नीट राबवलं तरी हंगामात बरीच उघडणी वाचतील.

डोलकाठी

दांड्यांबद्दल शंभर टक्के सहमत. माझी काठी मात्र आडवी होत नाही हो.

आडवा प्रश्न

रुग्णवाहिकेबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून विचारतो. वेळापत्रकाच्या बाजूने सगळ्यात आधी तोच मुद्दा काढला जातो.

केबिनवाला

काढला जातो आणि तो चुकीच्या जागी लागतो. रुग्णवाहिका अर्ध्या तासाचं वेळापत्रक बघून निघत नाही, ती ठरलेल्या उघडण्यातही अडकू शकते. तिला हवा असतो केबिनचा फोन. आगाऊ कळलं तर ती पोचेल तेव्हा पूल खाली असेल असं बघायचं, हे अमेरिकेच्या नियमातही लिहिलंय. आमच्याकडे त्यासाठी वेगळा फोन होता. वाजला की बोटीला 'थांब' सांगायचो. अमेरिकेत त्यासाठी पाच छोटे भोंगे देतात.

डोलकाठी

आणि त्या पाच भोंग्यांवर आजवर एकाही बोटवाल्याने तक्रार केलेली मी ऐकली नाही. कारण कळलं की माणूस थांबतो.

नावेतला प्रवासी

मग शिकागोसारखं करा ना. तिथे वसंतात हौशी शिडाच्या बोटी हिवाळ्यात ठेवायच्या तळांकडून सरोवराकडे जातात आणि शरदात परत येतात, त्यासाठी ठरावीक दिवस आहेत. ताफा जमतो, पूल एकामागून एक उघडत जातात.

डोलकाठी

ते वर्षातून दोनदा घर बदलण्यासारखं आहे. सगळ्या बोटी एकाच दिशेने निघतात, म्हणून ताफा जमतो. जिथे रोज दहा दिशांनी बोटी येतात तिथे ताफा जमवणार कोण?

फाटकातला

धागा लांबला, पण माझं मत हललंय, तेव्हा मूळ प्रस्ताव दुरुस्त करतो. सकाळ-संध्याकाळचे दोन-दोन तास मागे घेतले, 'जत्रा' नको. त्या वेळात तासाला एकदा, एरवी अर्ध्या तासाला. संकट आणि मोठी जहाजं आधीसारखीच. दांड्या खाली. आणि कायमचा नियम करण्याआधी काही महिने करून बघायचं, केबिनमधल्या वहीत प्रत्येक वेळी फाटक किती मिनिटं बंद होतं ते लिहायचं. अमेरिकेत बदल पक्का करण्याआधी १८० दिवसांपर्यंत अशी चाचणी घेता येते.

डोलकाठी, यावर तरी पटतंय का?

डोलकाठी

निम्मं. अर्ध्या तासाला माझी ना नाही, मला बांधून उभं राहता आलं तर. पुलाच्या दोन्ही अंगांना, प्रवाहाच्या कडेला, चार-चार मजबूत खांब ठोका आणि त्यांना दोर टाकायला कड्या ठेवा. तुम्ही फाटकापाशी उभे राहता तसा मी तिथे उभा राहीन. तासभर राहीन, चहा करीन.

आणि केबिनवाल्यांचा हिशोब परत बघा. बोटी विखरून का येतात? थांबायला जागा नाही म्हणून. प्रत्येक जण वेळ गाठायला दूरवरच वेग कमी-जास्त करत असतो आणि प्रत्येकाचा अंदाज चुकतो. खांबाला बांधलेल्या तिघी पूल वर गेला की लागोपाठ सुटतील.

केबिनवाला

हे खरं आहे. आमच्याकडे वरच्या अंगाला असे खांब होते, खालच्या अंगाला नव्हते. नऊ मिनिटांच्या नोंदी बहुतेक खालून येणाऱ्यांच्याच.

फाटकातला

खांबांचा खर्च कोणी करायचा, रस्त्यावाल्यांनी की बोटवाल्यांनी?

डोलकाठी

पूल कोणी घातला?

आडवा प्रश्न

झालं, परत पहिल्या प्रतिसादावर आलो. खर्चासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.