प्रतिसाद: झाकण उघडं नको
कॉम्प्युटर थंड राहावा म्हणून त्याच्या कॅबिनेटचं (पेटीचं) बाजूचं झाकण काढून ठेवायचा इथं वर दिलेला सल्ला मला काही पटला नाही. आमच्या निपाणीत तंबाखूची वखार शेजारी असली की भुकटी घरभर; झाकण उघडं ठेवलं तर ती थेट हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटींत जाऊन बसते. त्यापेक्षा पुढच्या जाळीला फिल्टर लावा आणि अधूनमधून झटकत जा. ब्लोअर मारताना मशीन बंद हवं, आणि पंख्याचं पातं बोटानं धरा, नाहीतर तो भणाणतो आणि बेअरिंगची वाट लागते.

पंख्याच्या आवाजाचं म्हणाल तर जागा असल्यास ८० मिमीऐवजी १२० मिमीचा पंखा बसवा, तेवढीच हवा कमी फेऱ्यांत मिळते. शिवाय बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) फॅन कर्व्ह असतो, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगानं फिरायचा ते ठरवता येतं. प्रोसेसर ६० अंशांच्या आत असेपर्यंत पंखा सावकाश फिरू द्या, उगाच बोंबलत नाही. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल तर बदला, पण थापू नका.