‘देव सापडणे’ आणि ‘जीवन मिळणे’: अर्थ आणि वापर

प्रश्न असा आहे: मराठी ख्रिस्ती लोक साक्ष देताना, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव इतरांना सांगताना, ‘देवाला शोधत होतो आणि मला जीवन मिळाले’ असे म्हणतात. बोलणारा आधीही जिवंतच होता, मग येथे ‘जीवन’ म्हणजे काय, आणि त्याऐवजी ‘आयुष्य’ किंवा ‘जीव’ का म्हणत नाहीत?

आधी शोधण्याविषयी. ‘शोध’ या शब्दाचा अर्थ त्याच्या जोडीला येणाऱ्या क्रियापदावर ठरतो. ‘शोध घेणे’ म्हणजे धुंडाळणे, ‘शोध लागणे’ म्हणजे ठावठिकाणा कळणे आणि ‘शोध लावणे’ म्हणजे आजवर ठाऊक नसलेली गोष्ट उजेडात आणणे किंवा नवे काही घडवणे. त्यामुळे ‘त्याने देवाचा शोध घेतला’ हे वाक्य भक्तीचे आहे, तर ‘त्याने देवाचा शोध लावला’ असे लिहिल्यास देव ही माणसाची निर्मिती ठरू शकते. मराठी बायबलात मत्तयाच्या सातव्या अध्यायात ‘शोधा म्हणजे तुम्हांला सापडेल’ असे वचन आहे आणि तेथील ‘सापडणे’ मला फार मोलाचे वाटते, कारण ‘मला सापडले’ या रचनेत शोधणारा कर्ता उरत नाही. शोधण्याचे कष्ट त्याचे असले, तरी सापडणे त्याच्या हाती नसते, आणि ख्रिस्ती श्रद्धेत ज्याला कृपा म्हणतात ते याहून वेगळे नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायात हेच क्रियापद उलट दिशेने येते. घरी परतलेल्या मुलाविषयी बाप म्हणतो, ‘हा माझा पुत्र मेला होता, तो पुन्हा जिवंत झाला आहे, हरवला होता, तो सापडला आहे.’ सापडणे आणि जिवंत होणे येथे शेजारी शेजारी आहेत, आणि सापडला आहे तो माणूस.

आता मूळ शंका. ‘आयुष्य’ मोजता येते. ते सरते, वाढते, कमी-जास्त असते. ‘जीव’ धोक्यात येतो, वाचतो, जातो, एखाद्यावर जडतोही. झेल सुटला की फलंदाजाला ‘जीवदान’ मिळते, म्हणजे जो डाव संपणार होता तोच पुढे चालू राहतो. योहानाच्या शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलातील येशूच्या चरित्राच्या एका पुस्तकातील, ‘जीवन’ या दोहोंहून निराळे आहे. मूळ ग्रीकमध्येही दोन शब्द आहेत: ‘प्सुखे’ आणि ‘झोए’. ‘जो आपला जीव वाचवू पाहतो’ अशा ठिकाणी पहिला येतो आणि मराठी अनुवादक तेथे ‘जीव’ लिहितात. ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ येथे दुसरा आहे आणि मराठीत ‘जीवन’ आहे. ‘सार्वकालिक जीवन’ या जोडशब्दातही हाच दुसरा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ मेल्यानंतरचा काळ एवढाच नसून देवाशी जडलेल्या नात्यात आतापासून जगणे असा आहे.

हा अर्थ नीट कळण्यासाठी पंडिता रमाबाईंकडे (१८५८–१९२२) पाहावे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हिंडले. रमाबाईंचे बालपण देवाच्या या शोधातच गेले आणि दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्यावर त्यांचा शोध संपला असे आपण धरून चालतो, पण त्यांनी स्वतः तसे मानले नाही. आपल्या इंग्रजी साक्षीत त्यांनी लिहिले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले. म्हणून ‘धर्मांतर केले’ आणि ‘जीवन मिळाले’ हे पर्यायी शब्द म्हणून वापरू नयेत, असा माझा आग्रह आहे. पहिले एका दिवसाचे आणि नोंदवहीत लिहिता येण्याजोगे असते, तर दुसरे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. पुढे निराधार स्त्रियांसाठी स्वतः उभारलेल्या केडगावच्या मुक्ती सदनात राहून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, रमाबाईंनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खे बायबल उतरवले.

‘देव भेटला’ असेही ख्रिस्ती मराठीत म्हणतात आणि ते अगदी शुद्ध मराठी आहे. ‘भेट’ हा वारकऱ्यांचा जिव्हाळ्याचा शब्द आहे, आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) अभंगांत तो परका वाटण्याचे कारणच नव्हते.

‘जीवन’ शब्दाचा आणखी एक अर्थ येथे उपयोगी पडतो. संस्कृतात आणि जुन्या मराठीत जीवन म्हणजे पाणी. महाराष्ट्रात पाणीपुरवठ्याची कामे पाहणाऱ्या संस्थेचे नाव ‘जीवन प्राधिकरण’ आहे ते त्यामुळेच. योहानाच्या चौथ्या अध्यायात, भर दुपारी विहिरीवर आलेल्या शोमरोनी (शोमरोन प्रांतातील) स्त्रीला येशू ‘जिवंत पाणी’ देऊ करतो. त्या काळी या शब्दांचा रोजचा अर्थ साचलेले नव्हे, तर झऱ्याचे, वाहते पाणी असाच होता, त्यामुळे तुझ्याकडे पोहरा नाही आणि विहीर खोल आहे, मग हे पाणी आणणार कुठून, असे ती विचारते. विहिरीला ‘जिवंत झरा’ लागला असे आपण आजही म्हणतो, तेव्हा या ठिकाणी मराठी वाचकाला वेगळी टीप लागत नाही.