अनुभव धागा : नुसतं चित्र बघून अ‍ॅनिमेचं (जपानी अ‍ॅनिमेशनचं) दशक ओळखता येतं का?

निळी_पेन्सिल
२०२५च्या जानेवारीत 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' ४केमध्ये थिएटरला लागला, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. युगो साको, राम मोहन आणि मंडळींचं काम, सगळं सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, हातानं रंगवलेलं. शेजारी हल्लीचं 'डीमन स्लेयर' ठेवलं तर फरक कुणालाही दिसेल. पण २००४ आणि २०१८मधला? गेल्या वीस-पंचवीस वर्षांची स्वतःची अशी शैली आहे का? 'डोळे मोठे, हनुवटी टोकदार' हे नको. नेमकं काय बघून ओळखता ते लिहा.

तळमजला
आधी सेल. पारदर्शक शीटवर रेघा पुढून, रंग मागून. चार-पाच शीट एकावर एक आले की तळातला रंग मळकट पडतो. रंगात त्याची भरपाई केली नसेल तर पात्र एका थरातून दुसऱ्यात गेलं की सदऱ्याची छटा बदलते. आणि चमक! तलवार, लेझर, हे सगळं खऱ्या उजेडाचं. बाकी चौकट काळी झाकायची, चमकेपुरती फट ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि फिल्म मागे घेऊन त्याच फ्रेमवर दुसरं एक्स्पोजर द्यायचं. म्हणून तिची कड अशी मऊ पसरते. दोन एक्स्पोजरमध्ये फिल्म जराशी सरकली की चमक पात्यावरून थरथरते. तो थरथराट दिसला की काळ सांगायला आणखी काही लागत नाही.

उमा_पुणे
+१. दाणा (फिल्मवरचे बारीक ठिपके) पण बघा. टीव्ही मालिका बहुतेक १६ मिमी फिल्मवर, सिनेमे ३५वर.

रंगखाते
निळी_पेन्सिल, २००४ ओळखणं सगळ्यात सोपं. सेल जाऊन रंगकाम कंप्युटरवर आलेलं. कागदावरचं चित्र स्कॅन करतात. काळी रेघ म्हणजे बाह्याकृती, सावलीची हद्द निळ्या पेन्सिलीनं, चमकेची लाल. स्कॅननंतर निळी-लाल रेघ शेजारच्या रंगात जिरवायची आणि बंद भागात क्लिक करून रंग ओतायचा. रेघेत बारीकशी फट राहिली तरी रंग बाहेर सांडतो! त्यामुळे रेघा बंद, एकसारख्या, गुळगुळीत झाल्या. सेलवरची तुटक, जाड-बारीक रेघ टीव्हीवरून जवळजवळ गेली ती यात. वर रंग सपाट, दाणा नाही, प्रकाशाचं काम जेमतेम. हा 'लूक' कुणी आवडीनं निवडला नव्हता, साधनानं लादला.

त्यातही वाईट म्हणजे त्या वर्षांतलं बरंच काम जेमतेम ४८० ओळींत तयार झालं. १९८८चा 'अकिरा' फिल्मवरून ४केत निघतो. २००३ची मालिका मात्र फुगवावी लागते, कडा धूसर होतात. मूळ फाइलमध्येच तपशील नाही, आणायचा कुठून?

हळद_कुंकू
'साझाए-सान' ही टीव्ही मालिका २०१३पर्यंत सेलवर होती, हेही लक्षात ठेवा. नुसतं साल बघून चालत नाही.

लेन्सवाला
कुकर लावलाय, पटकन लिहितो. २०१०नंतरचं ओळखायचं ते कंपोझिटिंगवरून, म्हणजे पात्र, पार्श्वभूमी आणि उजेड शेवटी एकत्र जुळवण्यावरून. पात्राच्या पायाकडे गडद होत जाणारी छटा, केसांवर उतरती छटा, खिडकीतून येणारी धूसर चमक, मागचं आउट ऑफ फोकस. सगळं आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये, चित्र रंगवून झाल्यावर. युफोटेबल, क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओंचा हा विभाग घरचाच, म्हणून पार्श्वभूमी आणि पात्र एकाच उजेडात उभे वाटतात. इतरत्र फसतं ते इथेच: मागे सोनेरी संध्याकाळ आणि पात्राचा सदरा भरदुपारच्या पांढऱ्यात. स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं.

उमा_पुणे
हो!! आणि चमक इतकी ओततात की रेघच दिसेनाशी होते. चांगल्या चित्रकाराच्या कामाचं वाईट वाटतं.

गच्ची
मला 'दशकाची शैली' पटत नाही. २०१४ घ्या. 'पिंग पाँग' आणि 'अनलिमिटेड ब्लेड वर्क्स' या मालिका एकाच वर्षातल्या. एकात वेडीवाकडी रेघ, दुसऱ्यात प्रकाशाचा पूर.

रंगखाते
गच्ची, बरोबर. पण दोन्ही सेलवर जमल्या नसत्या. मी काळ ओळखतो तो साधनावरून. शैली दिग्दर्शकाची.

हळद_कुंकू
थ्रीडी राहिलंच की. 'लँड ऑफ द लस्ट्रस' (२०१७) मधले केस बघा, रत्नातून उजेड जातो तसे. हातानं दर फ्रेमला कोण काढणार?

सोलापूरकर
विषयांतर, माफी. नव्या टीव्हीवर सगळंच अ‍ॅनिमे रबरी का दिसतं? हात हलला की बोटांच्या कडा फाटतात.

लेन्सवाला
दादा, मोशन स्मूदिंग बंद करा. सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण एकेक चित्र बहुतेकदा तीन फ्रेम धरतात, म्हणजे चित्रं आठच. मधली चित्रं टीव्ही मनानं बनवतो आणि बोटं फाटतात. पिक्चर सेटिंगमध्ये 'मोशन', 'स्मूद' असल्या नावाखाली सापडेल. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा.

सोलापूरकर
सापडलं, धन्यवाद! आणि जुन्या मालिकांना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात त्या?

तळमजला
राहू द्या. त्या ४:३मध्येच (जुन्या टीव्हीच्या चौकटीत) काढल्यात. 'झूम' लावलं तर वरून-खालून मिळून पाव चित्र कापलं जातं, पात्रांची डोकी जातात.