म्युझिक एडिटर व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

तबला_नाशिक
नमस्कार मंडळी. मी नाशिकची, वय 25, बीकॉम झालंय आणि तबल्यात विशारद. सध्या एका सीएकडे जीएसटीची रिटर्न्स भरते आणि संध्याकाळी पाच-सहा मुलांना तबला शिकवते. गेल्या वर्षी मावसभावाच्या शॉर्टफिल्मला म्युझिक लावून दिलं, म्हणजे बनवलं नाही, त्याच्या मित्राने गिटारवर वाजवलेले तुकडे कापून सीनखाली बसवले. दोन रात्री गेल्या पण एवढी मजा मला कधी कशात आली नव्हती. नंतर कळलं की याला म्युझिक एडिटिंग म्हणतात आणि लोक यावर पोट भरतात. तर कोर्स कुठला करायचा, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा म्हणजे एफटीआयआयचा साउंडचा करावा का, आणि मुंबईत असं काम खरंच मिळतं का सगळं संगीतकारच करतात? घरी अजून बोललेले नाहीये. बाबा पहिलं विचारणार पगार किती, त्यामुळे तेही सांगा :)

बॅकग्राउंडवाला
मालिकांचं बॅकग्राउंड लावतो, अकरावं वर्ष चालू आहे. आधी बाबांचा प्रश्न. पगार नसतो, एपिसोडमागे पैसे असतात आणि माझ्याकडे तरी ते तीन महिन्यांनी येतात. एका निर्मात्याने चाळीसेक एपिसोडचे बुडवलेत, मालिका बंद, ऑफिस बंद, फोन बंद. सहा महिन्यांचं भाडं हातात असल्याशिवाय मुंबईला येऊ नका.

आता काम. संगीतकार मालिका सुरू होतानाच एक बँक, म्हणजे तुकड्यांचा साठा, बनवून देतो. शीर्षकगीताची धून बासरीवर, सनईवर, नुसत्या पियानोवर, मग सासूची थीम, टेन्शन, कॉमेडी, धक्के. रोजच्या एपिसोडला तो येत नाही, तिथे आम्ही बसतो. संध्याकाळी बावीस मिनिटांचा लॉक एपिसोड, म्हणजे चित्राचं एडिटिंग संपलेला, येतो, रात्रीत लावून मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करायला द्यायचा. आमच्यातले बरेच जण स्वतःला म्युझिक एडिटर म्हणतही नाहीत, "बॅकग्राउंड लावतो" एवढंच सांगतात, त्यामुळे त्या नावाने काम शोधाल तर सापडणार नाही.

तबला येतो हे तुमचं भांडवल आहे. नवीन पोरं स्क्रीनवरची वेव्ह बघून कापतात. समजा केरवा (आठ मात्रांचा ताल) चालू आहे आणि सीन संपतो पाचव्या मात्रेवर, तिथे फेड मारला, म्हणजे आवाज हळूहळू बंद केला, की बघणाऱ्याला ताल कळत नसला तरी जिन्याची पायरी चुकल्यासारखं होतं. मी उलटा जातो. शेवटची सम (तालाची पहिली मात्रा) सीनच्या शेवटच्या कटवर ठेवायची, तिथून मागे मोजत यायचं आणि सुरुवात जिथे पडेल तिथे ती कुणाच्या तरी वाक्याखाली लपवायची. दुसरं म्हणजे स्केल, आपली पट्टी. काळी दोनमधला तुकडा संपतोय आणि लगेच पांढरी चारमधला सुरू करायचाय, तर मध्ये भांडं पडू दे, दार वाजू दे, नाहीतर दोन सेकंद गप्प बसा. पण गप्प जागा दिसली की वरून फोन येतो, "इथे काही लावायचं राहिलंय का?" त्याच्याशी रोजचं भांडण.

रील_तीन
वरच्या दादांचं बरोबर आहे पण ते मालिकेचं झालं, सिनेमात प्रकार वेगळा. मी एका संगीतकाराकडे असिस्टंट आहे, आणि आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा असिस्टंटच्या किंवा प्रोग्रामरच्याच (कॉम्प्युटरवर म्युझिक बसवणाऱ्याच्या) गळ्यात पडतं, म्हणजे तुमची शंका अर्धी खरी आहे. हॉलिवूडमध्ये म्युझिक एडिटर वेगळा असतो, एडिटर्स गिल्डमध्ये त्यांची नोंद असते.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल रोज काय करतो. म्युझिक रेकॉर्ड झालं, सगळं बसलं, आणि एडिटरकडून नवीन कट आला, तिसऱ्या रीळमधल्या एका सीनमधून 14 फ्रेम उडवल्या. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो आणि तुकडा 100 बीपीएमचा (मिनिटाला 100 बीट), म्हणजे एक बीट 14.4 फ्रेमचा. मग मी सरळ एक बीट काढतो, 0.4 फ्रेमचा फरक राहतो, साधारण 17 मिलिसेकंद, कुणाच्या बापाला कळत नाही. पण 9 फ्रेम उडवल्या असत्या तर? मग ठेका सोडून द्यायचा आणि जिथे नुसता व्हायोलिनचा लांब सूर आहे तिथे जाऊन तो तेवढा आखडायचा. एका रीळमध्ये असे बारा-पंधरा बदल, आणि दुसऱ्या दिवशी आणखी नवीन कट.

एफटीआयआयबद्दल: कोर्स साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा आहे, फक्त म्युझिक एडिटिंगचा नाही, आणि तीन वर्षं जातात. माझ्या वेळी बारावीला फिजिक्स लागायचं. तुमचं बीकॉम आहे म्हणून सांगतो, फॉर्म भरायच्या आधी अट नीट वाचा. तरी मी म्हणेन जमलं तर कराच, कारण तिथे डायलॉग, इफेक्ट, मिक्सिंग सगळं कानाखालून जातं. म्युझिक एकटं कधीच वाजत नाही, डायलॉगसाठी जागा सोडणं मी कॉलेजमध्येच शिकलो.

आणि एक, जीएसटीवाल्या आहात तर क्यू शीट तुम्हाला सोपी जाईल. कुठला तुकडा, कुणाचा, किती सेकंद वाजला, सगळं लिहून ठेवायचं. 2012 ला कॉपीराइट कायदा बदलल्यापासून गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का झालाय, ती आयपीआरएस या त्यांच्या संस्थेमार्फत येते आणि शीट चुकली की त्यांचे पैसे अडकतात. आपल्याला त्यातलं काही मिळत नाही हे वेगळं.

कॅसेट_आणि_पेन्सिल
पोरी, तुला "तू"च म्हणतो, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. मी तीस वर्षं नाटकाचं म्युझिक ऑपरेट केलं. शिवाजी मंदिर, यशवंत, बालगंधर्व, सगळीकडे विंगेत नाहीतर मागच्या खोलीत बसून. कॅसेट पेन्सिलीने फिरवून जागेवर आणायची आणि वाट बघायची. एका नाटकात बाई नवऱ्याला बाहेर काढून दार लावते तिथे तंबोरा यायचा. मी दार लोटल्याबरोबर सुरू करायचो. दहाव्या प्रयोगाला दिग्दर्शक म्हणाले, दारावर नको, कडीवर घे. फरक एका सेकंदाचा असेल, पण तोपर्यंत बाई रागावलेली वाटायची, त्यानंतर एकटी वाटायला लागली.

हे सॉफ्टवेअर मला येत नाही, त्याबद्दल बोलत नाही. पण नाशिकमध्ये एकांकिका होतात, राज्य नाट्य स्पर्धा होते, तिथे जाऊन बस, कुणी ना म्हणणार नाही, पैसेही देणार नाही.

बॅकग्राउंडवाला
काका, कडीवाली गोष्ट मी चोरली :)
ताई, सॉफ्टवेअरसाठी खर्च करू नका. डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आवाजासाठी फेअरलाइट आहे, शिकायला भरपूर झालं. नंतर प्रो टूल्स नाहीतर न्यूएंडो शिकावं लागेलच. आत्ता एवढंच करा, दोन मिनिटांचा एक सीन घ्या आणि त्याला तीन वेळा वेगळं म्युझिक लावा, पण अट अशी की तुकडा एकच, फक्त सुरू कुठे होतो ते बदलायचं.

तबला_नाशिक
सगळ्यांचे खूप आभार, रील_तीन, तुमचं 14.4 वहीत लिहून ठेवलंय. बारावी कॉमर्स आहे त्यामुळे एफटीआयआय बहुतेक गेलंच.
रविवारी तो प्रयोग केला. भावाच्या फिल्ममधला बसस्टँडचा सीन घेतला आणि तिसऱ्या वेळी तुकडा बस निघून गेल्यावर सुरू केला, त्याआधी पाऊण मिनिट काहीच नाही. आईला दाखवलं तर ती मध्येच म्हणाली, "आवाज गेला का गं?" आणि रिमोट शोधायला लागली. पण म्युझिक सुरू झाल्यावर बसली परत, शेवटपर्यंत बघितलं. आता यातलं नक्की काय चुकलं, पाऊण मिनिट जास्त झालं की बसचा आवाजच कमी होता?

रील_तीन
बसचा आवाज. स्टँडवर जाऊन मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्ड करून आणा, गर्दी, कंडक्टर, सगळं, आणि ते खाली टाकून परत आईला दाखवा. म्युझिकला हात लावू नका.